भांडण पाचव्या नंबरवर, चूक ४६व्या नंबरवर

आधीच सांगून टाकतो, २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये आपल्या टीमने सूएल नावाचा खेळाडू घ्यावा या बाजूने मी होतो आणि त्यावर ऑफिसात पैज हरलोय, अख्ख्या फ्लोअरला समोसे खायला घातलेत. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते शहाण्या माणसाचं भाषण नाही, पैज हरलेल्या माणसाने नंतर बसून केलेला हिशोब आहे.

मंडळाने विषय दिला की ड्राफ्टच्या आधी टीमला नक्की काय हवंय हे ठरवतात कसं. सगळ्या ३२ टीम्सबद्दल बोलायला माझ्याकडे ज्ञानही नाही आणि तुमच्याकडे वेळही नाही, बाहेर चहा उकळतोय. म्हणून आपल्याच गावची गोष्ट घेतो, सिनसिनाटी बेंगल्सची. या गावात स्पगेटीवर दालचिनी घातलेला खिमा टाकतात आणि त्याला चिली म्हणतात हे आपण सगळ्यांनी पचवलंय, तसं फुटबॉलही पचेल.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजची पोरं प्रोफेशनल टीम्समध्ये वाटून घ्यायची पद्धत. आयपीएलच्या ऑक्शनसारखं इथे पैसे ओरडत नाहीत, इथे नंबर लागतो. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिला नंबर, अशा ७ फेऱ्या. आणि नंबर विकता येतात, अदलाबदल करता येते, त्यातच अर्धी मजा आहे. बेंगल्स २०१९ ला १४ मॅच हरले, बक्षीस म्हणून २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला आणि जो बरो घरी आला. क्वार्टरबॅक. म्हणजे ज्याच्या हातात बॉल येतो आणि ज्याला तीन सेकंदांत ठरवायचं असतं की फेकायचा कुठे, आणि तेवढ्यात समोरून चार-पाच बैल त्याच्या अंगावर येत असतात. त्या बैलांना अडवायला पाच जाडजूड माणसं उभी असतात, ती लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि दोन्ही टोकांना टॅकल. हे तीन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण या पाच जागांचं आहे. बैल पोचला आणि क्वार्टरबॅक बॉलसकट आडवा झाला की त्याला सॅक म्हणतात.

तर बरो पहिल्या वर्षी १० मॅच खेळला आणि ३२ वेळा आडवा झाला. दहाव्या मॅचला, नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये, त्याचा डावा गुडघा गेला. साधं मुरगळणं नाही, लिगामेंटं फाटली, ऑपरेशन, सीझन खल्लास. टीम ४ जिंकली ११ हरली १ बरोबरीत, आणि २०२१ च्या ड्राफ्टला पाचवा नंबर लागला.

आता तुम्हीच सांगा, काय घ्याल? हा प्रश्न मी त्या वर्षी किमान पन्नास लोकांना विचारला असेल. ज्या पोरावर टीमचं पुढचं दशक उभं राहणार त्याचा गुडघा लाइनमुळे गेला, समोर ओरेगॉनचा पेनेई सूएल आहे, त्या वर्षीचा सगळ्यात चांगला टॅकल, काही लोकांच्या मते दहा वर्षांतला. दुसरीकडे जमार चेस, रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन बॉल पकडणारा, एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, बरोच्या सोबतच खेळलेला. २०१९ मध्ये त्या दोघांची टीम १५ पैकी १५ जिंकली आणि चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन (बॉल घेऊन समोरच्या टोकाची रेघ पार करणं) केले. सगळं मान्य, पण घराचं छप्पर गळत असताना कोणी सोफा घेतं का? हे माझं वाक्य होतं बरं का, फार खूश होतो मी त्या वाक्यावर.

त्याच वाक्यात माझी चूक होती, ती आता उलगडतो.

टीमचे लोक गरजांची यादी करतात ती आपण टीव्हीसमोर बसून करतो तशी नसते. आपण काय करतो, मागच्या सीझनमध्ये काय दुखलं ते लिहितो. त्यांच्याकडे डेप्थ चार्ट असतो, प्रत्येक जागेवर पहिला कोण, तो पडला तर दुसरा कोण, आणि प्रत्येक नावापुढे वय आणि कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ते वर्ष. शेवटी ५३ माणसं ठेवायची असतात, पगाराला वरून टोपी असते, म्हणजे सगळ्यांचा मिळून पगार एका आकड्यावर जाऊ द्यायचा नाही, आणि २०२१ ला ती टोपी कोविडमुळे चक्क कमी झाली, आदल्या वर्षीच्या १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखावर. म्हणजे सगळ्यांचेच खिसे आवळलेले. आणि ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो पण बाजार मार्चमध्ये उघडतो, ज्यांची कॉन्ट्रॅक्टं संपलीत ते तयार खेळाडू तेव्हा मिळतात. म्हणून खरी यादी दोनदा होते, एक मार्चच्या आधी आणि एक मार्चनंतर, आणि आपण सगळे नोव्हेंबरचीच यादी खिशात घेऊन एप्रिलपर्यंत फिरत असतो.

बेंगल्सने मार्चमध्ये काय केलं बघा. रायली रीफ नावाचा अनुभवी टॅकल एका वर्षासाठी आणला, उजव्या टोकाला. डाव्या टोकाला जोना विल्यम्स होता, २०१९ चा पहिल्या फेरीचा. म्हणजे दोन्ही टोकं, निदान कागदावर, भरली. आणि रिसीव्हरच्या खान्यात काय झालं? ए. जे. ग्रीन, इतकी वर्षं या टीमचा चेहरा, ॲरिझोनाला गेला. जॉन रॉस गेला. राहिले टायलर बॉइड आणि टी हिगिन्स. आता तुम्ही म्हणाल दोन आहेत ना, पण कोच झॅक टेलरची टीम बहुतेक वेळा तीन रिसीव्हर लावूनच खेळायची, म्हणजे तिसरा हा राखीव नाही, तो रोजचा आहे. ती जागा रिकामीच होती. आम्ही ओरडत होतो छप्पर छप्पर, आणि इकडे बसायला खुर्ची नव्हती.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली, आणि ती समजावायला आपल्या स्वयंपाकघराइतकं चांगलं उदाहरण नाही. घरात मीठ संपलं तर काय करता? कोपऱ्यावरच्या क्रोगरमधून आणता, पाच मिनिटं. गोडा मसाला संपला तर? पुढच्या भारतवारीपर्यंत थांबा, नाहीतर कोणाची आई येतेय का बघा. म्हणून भारतातून येताना बॅगेत २३ किलोची जागा असते तेव्हा त्यात मीठ कोणी भरत नाही. पाचवा नंबर ही तुमची बॅग आहे. तिच्यात तेच भरायचं जे इथे मिळत नाही. (इथे वहिनींनी पुढच्या रांगेतून विचारलं की मीठच नसेल तर गोड्या मसाल्याची आमटी कशी करणार. वहिनी, तुम्ही बेंगल्सच्या मीटिंगमध्ये असायला हवं होतं, तुमच्या प्रश्नावर येतोच.)

त्या वर्षी टॅकल खूप होते. दुसऱ्या फेरीतच ३९ ते ५३ या नंबरांमध्ये जेनकिन्स, आयकेनबर्ग, लिटल, कारमन, कॉस्मी, रॅडन्झ असे लाइनमन सटासट गेले. पण चेससारखा रिसीव्हर दुसऱ्या फेरीत नव्हता. म्हणून डोकं थंड ठेवून हिशोब केला तर उत्तर निघतं, पाचव्याला चेस, लाइनचा माणूस दुसऱ्या फेरीत. बेंगल्सने तेच केलं. दोन नंबरनंतर डेट्रॉइटने सूएलला उचललं आणि मी टीव्ही बंद केला.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीये. ऑगस्टमध्ये सराव मॅचमध्ये चेसच्या हातातून बॉल सुटायला लागले, तो म्हणाला कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, यावर नसतात, दिसत नाही नीट. मी ऑफिसात जे काही हसलोय! मग सीझन सुरू झाला आणि त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, एकट्या कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध एका मॅचमध्ये २६६ यार्ड, आणि त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. टीमने डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली, रेडर्सला हरवून ३१ वर्षांनी प्लेऑफमधली मॅच जिंकली आणि सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत गेली. नदीकाठी रात्रभर हू डे, म्हणजे आपल्या टीमची घोषणा, चालू होतं. समोसे मी जानेवारीतच दिले, जास्त वाट बघितली नाही.

पण थांबा, वहिनींचा मिठाचा प्रश्न. त्याच सीझनमध्ये बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टेनेसीला प्लेऑफमध्ये ९ वेळा. एका मॅचमध्ये नऊ! आणि तरी जिंकले १९-१६, पाचव्या फेरीत घेतलेल्या मॅकफर्सन नावाच्या पोराने शेवटी ५२ यार्डांवरून किक मारली म्हणून. आता काही सॅक बरोच्या स्वतःच्या खात्यावर आहेत, तो बॉल धरून ठेवतो, हे त्याचे भक्तही मान्य करतात, मीही त्यातलाच. पण नऊ म्हणजे नऊ.

आणि इथे मी परत एकदा डेप्थ चार्ट उघडून बसलो. मला वाटलं होतं की हे बघून मी म्हणेन, बघा, सूएल घ्यायला हवा होता. टेनेसीच्या नऊपैकी तीन सॅक जेफ्री सिमन्सचे, आणि सिमन्स कुठून खेळतो, मधून. म्हणजे गार्ड आणि सेंटरच्या अंगावरून. सेंटर ट्रे हॉपकिन्सचा गुडघा जानेवारी २०२१ मध्ये, आदल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये फाटला होता, त्या गुडघ्यावर ऑपरेशन करून तो परत उभा होता. उजवा गार्ड वर्षभर कोण हे नक्की नव्हतं. आम्ही सगळे ‘लाइन, लाइन’ म्हणत होतो, पण लाइन नावाची जागा संघात नसतेच हो! पाच वेगळ्या जागा असतात, पाच वेगळे भाव असतात. टॅकल पाचव्या नंबरला घेतात, गार्ड तिथे क्वचितच कोणी घेतं, इंडियानापोलिसने २०१८ ला क्वेंटन नेल्सन सहाव्याला घेतला तर केवढी चर्चा झाली होती. बेंगल्सची खरी गळती मधल्या तीन जागांवर होती, आणि मधली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळतात. म्हणजे खरी परीक्षा पाचव्या नंबरची नव्हतीच, दुसऱ्या फेरीची होती.

आणि तिथे काय झालं? त्यांचा नंबर ३८वा होता. न्यू इंग्लंडला तो देऊन खाली सरकले, ४६ वर, बदल्यात चौथ्या फेरीत जास्तीचे दोन नंबर. ४६ ला क्लेम्सनचा जॅक्सन कारमन घेतला, कॉलेजात टॅकल, इथे त्याला गार्ड करायचं ठरलं. तो काही त्या जागेवर पक्का झाला नाही. आणि ६३ ला, म्हणजे त्याच फेरीत, कॅन्सस सिटी चीफ्सने क्रीड हम्फ्री नावाचा सेंटर घेतला जो आज त्या जागेवरच्या सगळ्यात चांगल्या माणसांपैकी एक आहे. तो ४६ ला समोर होता. नंतर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं हे मान्य, हम्फ्रीला इतरही टीम्सनी सोडला. पण मला राग याचा येतो की आम्ही आठ महिने भांडलो पाचव्या नंबरवर, आणि ४६ वर कोणी एक मीम सुद्धा केलं नाही.

चीफ्सचं बघा ना, त्याच वसंतात त्यांचीही हीच दुखरी नस होती. फेब्रुवारीत टँपाने सुपर बोलमध्ये ३१-९ मारलं, त्यांचा क्वार्टरबॅक मोहोम्स अख्खी मॅच जीव घेऊन पळत होता कारण दोन्ही टॅकल जखमी. त्यांनी त्या दोघांनाही मार्चमध्ये सोडलं, जो थूनी नावाचा गार्ड ८ कोटी डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टवर आणला, पहिल्या फेरीचा नंबर देऊन बॉल्टिमोरकडून टॅकल ऑर्लँडो ब्राउन घेतला, दुसऱ्या फेरीत हम्फ्री, सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ. सप्टेंबरला पाचही जागांवर पाच नवीन माणसं. त्यांनी ‘लाइन’ नाही लिहिलं यादीत, पाच ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळ वेगळ्या दुकानातून आणली. आणि गंमत अशी की एवढं करून त्या जानेवारीत ते घरच्या मैदानावर बेंगल्सकडूनच हरले, २१-३ पुढे असताना, २७-२४. त्यानंतर मात्र लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले, आणि आपण पुढच्या मार्चमध्ये कॅपा, कारास, कॉलिन्स असे लाइनचे तीन जण एकदम विकत आणत होतो. वर्षभर उशिरा.

एक राहिलं, भविष्याची गरज. ग्रीन बेने २००५ ला २४व्या नंबरला ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक घेतला तेव्हा त्यांचा जुना क्वार्टरबॅक ब्रेट फार्व होता की धडधाकट. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला. आजच्या यादीत ती जागा भरलेली होती, तीन वर्षांनंतरच्या यादीत रिकामी. हे करायला मालकाचं पोट मोठं लागतं, आणि कोचची नोकरी पक्की लागते, नाहीतर ज्याची खुर्ची डिसेंबरमध्ये जाणार तो तीन वर्षांनंतरचा विचार कशाला करेल. म्हणून यादी वाचताना ती कोणी लिहिलीय हेही बघायचं.

असो, शेवटचं सांगतो आणि चहा घेऊ. १३ फेब्रुवारी २०२२, लॉस एंजेलिस, रॅम्स २३ बेंगल्स २०, शेवटचा डाव, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा. बरो मागे सरकला, आणि रॅम्सचा ॲरन डोनाल्ड त्याच्यावर येऊन आदळला, बॉल कसाबसा हवेत गेला आणि पडला. त्या मॅचमधले सॅक सात, हा आठवा व्हायचा राहिला इतकंच. आणि पलीकडे चेस मोकळा पळत होता, त्याला अडवायला ठेवलेला रॅम्सचा रॅमझी घसरला होता, अजून एक सेकंद मिळाला असता तर बहुतेक टचडाउन. मी सोफ्यावरून उठलो आणि त्या ऑफिसातल्या मित्राला फोन लावला, म्हटलं बघितलंस? चेस मोकळा होता पण उपयोग काय, सूएल घेतला असता तर तो सेकंद मिळाला असता, माझे समोसे परत दे.

तो म्हणाला, डोनाल्ड कुठून आला ते परत बघ.

मी रिवाइंड करून बघितलं. टोकाकडून नाही. गार्डच्या अंगावरून.