गिरणीचा भोंगा आणि उंदराची खोली

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजायचे, त्या काळात आजोबांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. दुपारचा भोंगा झाला की आजोबा फाटकाशी यायचे, आणि डबा उघडायच्या आधीच त्यांचा चेहरा खुललेला असायचा. एकदा मी वाटेत गोट्या खेळत बसलो. भोंगा झाला, डबा नाही. मला ओरडले नाहीत, पण तो उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे.

आजचा विषय अफू, मॉर्फिन आणि प्रयोगशाळेतले उंदीर. मग आजोबा मध्येच कुठून आले? सांगतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. आधी खूण, मग फळांचा रस. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. खूण ओळखीची झाल्यावर त्या खुणेलाच उसळू लागल्या, रसाला गप्प. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी थंड पडायच्या. भोंगा झाला, डबा नाही!

अपेक्षा काय आणि मिळालं काय, याचा हिशेब या पेशी ठेवतात. अफूपासून बनणारी मॉर्फिन, हेरॉइन या हिशेबातच घोळ घालतात. डोपामिनच्या पेशींना शेजारच्या काही पेशी ब्रेक लावून धरतात. अफूची द्रव्यं या ब्रेकवाल्यांनाच गप्प करतात. भाकरीची सवय होते, मग ती मिळाल्यावर पेशी उसळत नाहीत; इथं मात्र प्रत्येक डोसाला मेंदूला बाहेरून ढकलल्यासारखं डोपामिन वाढतं, आणि आजूबाजूचं सगळं पक्कं शिकलं जातं. दोन खोल्यांचा पिंजरा घ्या, एकीच्या भिंतीला पट्टे, दुसरी कोरी. पट्ट्यांच्या खोलीत उंदराला काही वेळा मॉर्फिन द्या. पुढं औषध न देता सोडला, तरी तो त्याच पट्ट्यांपाशी जाऊन बसतो. उलट, जे गोड पाणी प्यायल्यावर दरवेळी मॉर्फिन मिळतं, ते पाणी तो कमी पिऊ लागतो.

मला सगळ्यात हादरवणारा प्रयोग कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांचा, १९८२ सालचा. उंदरांना हेरॉइनची सवय लावली, मग एकदम मोठा डोस दिला. नेहमीच्याच खोलीत दिला तेव्हा ३२ टक्के मेले. तेवढाच डोस वेगळ्या खोलीत दिला, तर ६४ टक्के. ज्यांना कधीच सवय नव्हती, त्यांतले ९६ टक्के गेले. ओळखीची खोली दिसताच शरीर आधीच हेरॉइनच्या परिणामाच्या उलट्या बाजूनं जोर लावून बसतं. अनोळखी खोलीत ती तयारी नसते.

आणि डोस मिळालाच नाही, तर? तो उलटा जोर तसाच उरतो. व्यसनमुक्ती केंद्रातून बरं होऊन पोरगं घरी येतं, जुन्या कोपऱ्यावरून जाताना त्याला दरदरून घाम फुटतो, आणि घरचे विचारतात, "सोडलंस ना रे? मग आता काय झालं?"