तूर मोजली, शिजवणारी नाही मोजली

नमस्कार मंडळी, राम राम. जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या मालाची अन् सेवांची एकूण किंमत, एवढे टक्के वाढला असं बातम्यात आलं की आपल्यालाही वाटते, देशाचं बरं चाललं असन. पण हा आकडा मोजते काय, ते आपल्या वावरातूनच पाहू.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करता करता विषबाधा झाली, २० च्या वर माणसं गेली, शेकडो लोक दवाखान्यात भरती, कोणाला उलट्या, कोणाला डोळ्यानं दिसेना. आता हिशोब पाहा, फवाऱ्याच्या औषधाची विक्री जीडीपीत जमा, सलाईन जमा, खाजगी दवाखान्याचं बिल जमा. गेलेला माणूस मात्र कुठंच वजा होत नाही! मले हे पटत नाही, कधीच पटणार नाही.

अन् घरातलं घ्या. खायला ठेवलेली तूर विकली नाही तरी जीडीपीत धरतात, तसा नियमच आहे, पण तिचं वरण शिजवणारी, भांडे घासणारी, लेकरं अन् म्हातारी सासू सांभाळणारी बाई त्यात नाही. २०१९ च्या सरकारी टाईम यूज सर्वेत, म्हणजे लोकांचा दिवस कशात जाते त्याच्या पाहणीत, निघालं की आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं घालतात, म्हणजे जवळपास पाच तास, अन् पुरुष ९७ मिनिटं. निंदणाच्या दिवसात तर हे पाच तास पहाटे अन् रात्रीच काढावे लागतात, कारण दिवसभर ती मजुरीनं दुसऱ्याच्या वावरात असते.

सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब मांडून दिला, ज्यातून पुढं जीडीपी आला, तेव्हाच त्यानं लिहून ठेवलं होतं की यावरून देशाचं भलं किती झालं ते समजत नाही. पुढं १९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं मानव विकास निर्देशांक आणला, त्यात आयुष्य अन् शिक्षणही धरलं. चांगलंच झालं, पण सरासरी ते सरासरीच, नागपूर अन् मेळघाट एकात टाकले की मेळघाट दिसत नाही.

जीडीपी सोडून द्या असं नाही म्हणत मी, रस्ते-दवाखाने त्याच कमाईच्या करातून होतात. पण येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारा ना, उन्हाळ्यात पाण्यासाठी बायांना किती लांब जावं लागते, रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) डॉक्टर सापडते का, फवारणीचे हातमोजे अन् मास्क किती घरी आहेत. ग्रामसेवकाला म्हणा, इतिवृत्तात लिहा, अन् २ ऑक्टोबरच्या सभेत तेच कागद पुन्हा काढायला लावा.