सोमवार, पाच एकोणतीस

(दृश्य: पुणे, वाकड. पहाटेचं स्वयंपाकघर.)

पहाटेचे साडेचार. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलाय. कानात इअरफोन, हात कणकेत, आणि पडद्यावर अल्गोरिदमचा तास चाललाय.

ही हिंजवडीत पूर्ण वेळ नोकरी करते आणि शिकते अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठात. अटलांटा तिनं अजून पाहिलेलं नाही.

कॉम्प्युटर सायन्सचा हा ऑनलाइन मास्टर्स अभ्यासक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला, 380 विद्यार्थ्यांवर. आज ही संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे, आणि यातले बहुतेक जण नोकरी सांभाळून शिकतात. सुरुवातीला सगळ्या पदवीची फी साधारण 7000 डॉलर ठेवली होती. तिथं राहून शिकायचं तर याच्या कितीतरी पट पैसे लागतात. पदवी मात्र तीच. कागदावर 'ऑनलाइन' असं कुठंही लिहीत नाहीत. दहा विषय, सहा वर्षांची मुदत.

फीचा हिशेब सगळेच मांडतात, तासांचा कुणी मांडत नाही. एका विषयाला आठवड्याचे दहा-पंधरा तास सहज जातात, अवघड असला तर वीस. ते येतात झोपेतून, लग्नकार्यांतून, मुलीला झोपताना सांगायच्या गोष्टीतून. म्हणून मला ही पदवी एकटीची वाटतच नाही.

(दृश्य: ऑफिस. भिंतीवरचं घड्याळ.)

पुष्कळ विषयांत असाइनमेंटची मुदत रविवारी रात्री 11:59 ला संपते, पण ती पृथ्वीवर जिथं रविवार सगळ्यात शेवटी मावळतो तिथल्या घड्याळाप्रमाणे. पुण्यात तेव्हा सोमवारची संध्याकाळ असते, 5:29. ऐन कामाची वेळ. मीटिंगमध्ये बसलेली असताना तिचं अर्धं लक्ष त्या मिनिटाकडे असतं. शेवटी तिनं स्वतःपुरती मुदत अलीकडे ओढली, रविवारी दुपारी चारची. चारनंतरचा रविवार मुलीचा.

एका सेमिस्टरला मुलीला डेंग्यू झाला. तिनं विषय सोडला. गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' आला, म्हणजे मध्येच माघार. "तो डब्ल्यू बघून आधी रडले," ती सांगते. "मग पुढच्या सेमिस्टरला तोच विषय परत घेतला." मला विचाराल तर त्या गुणपत्रिकेतलं सगळ्यात शहाणपणाचं अक्षर तेच.

(दृश्य: बंद दार. बाहेर खुर्चीवर सासरे.)

आज परीक्षा आहे. वेबकॅमसमोर तिनं आधी खोली फिरवून दाखवली. टेबल, टेबलाखालची जागा, भिंती. पेपर संपेपर्यंत खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, बाहेरचा आवाजही नको.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. सकाळीच त्यांनी डोअरबेलमधल्या बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या. सोसायटीच्या गेटवर फोन करून सांगितलं, दुपारी पार्सल वर पाठवू नका. कुकर आज लावायचाच नाही, असंही त्यांनीच ठरवलं. नात चित्रं काढत त्यांच्या पायाशी बसलीय, आणि दोघं बोलतायत ते खुणेनं.

तीन तासांनी कडी वाजते.

"झालं का गं?"

"झालं, बाबा. एक प्रश्न राहिला."

"राहू दे. जेवून घे आधी."

ती ताट घ्यायला आत जाते. बाबा खिशातून बॅटऱ्या काढतात, चष्मा वर सरकवतात आणि एकेक बेलमध्ये बसवू लागतात.