कार्टनवरच्या दोन तारखा

(दृश्य: द्रोणागिरी, सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवायच्या-तपासायच्या केंद्राचं आवार. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं सील कापलं जातंय.)

बोल्ट सील कापलं. न्हावा शेवा बंदरात उतरलेला हा रीफर कंटेनर तपासणीसाठी इथे द्रोणागिरीला आणलाय. आत युरोपातलं चीज आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं कागदपत्र, भरून झालंय. एफएसएसएआयकडे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, अर्जही गेलाय. आता अधिकारी माल प्रत्यक्ष बघणार. नजर आधी जाते ती कार्टनच्या कडेला: माल कधी बनवला आणि कधीपर्यंत चालेल.

(दृश्य: तारखांचा क्लोजअप. पडद्यावर आकडे.)

नियम २०१७ च्या आयात विनियमांतला आहे. आयातीच्या वेळी मालाची ६० टक्के मुदत शिल्लक हवी, किंवा मुदत संपायला तीन महिने बाकी हवेत. दोन्हींपैकी जे कमी असेल ते धरायचं. हा शेवटचा तुकडा पुष्कळ जण वाचतच नाहीत. दोन वर्षं टिकणाऱ्या मालाचे जवळपास साडेचौदा महिने उरलेच पाहिजेत, असं छातीठोक सांगणारे एजंट आजही भेटतात. तसं नाही. अशा मालाला तीन महिने पुरतात.

सीमारेषा आहे पाच महिन्यांची. पाच महिन्यांचे ६० टक्के बरोबर तीन महिने होतात. पास्ता, ऑलिव्ह तेल, डबाबंद फळं या रेषेच्या पलीकडे, निवांत. अलीकडच्या मालाला मात्र दिवस मोजावे लागतात.

हेच चीज घ्या. एकूण मुदत १२० दिवस. त्यातले ७२ इथे पोचल्यावर शिल्लक हवेत, म्हणजे वाटेत घालवायला ४८. आणि हे ४८ कंटेनर भरल्यापासून सुरू होत नाहीत, माल बनला त्या दिवसापासून होतात. कारखान्याच्या शीतगृहात दहा दिवस गेले, तिकडच्या बंदरावर जहाजाची वाट बघण्यात पाच-सहा, की हातात उरले बत्तीस-तेहतीस. सुएझमार्गे तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा जेमतेम जमतं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-बारा दिवस वाढले, तिथे हे गणित बसेना. साठ दिवस टिकणारं मऊ चीज तर जहाजाने आणायच्या भानगडीत पडूच नये. त्याच्या वाट्याला २४ दिवस येतात, ते विमानानेच आणावं.

म्हणून पुरवठादाराकडून नुसतं ‘ताजा माल’ लिहून घेण्याला अर्थ नाही. कंटेनर भरताना माल किती दिवसांचा असेल, तो आकडा करारात हवा. बॅचवार, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या प्रत्येक घाण्याची, तारखांची यादी जहाज सुटण्याआधी हातात हवी. कंटेनरमध्ये तीन बॅच असतील तर हिशेबही तीन करायचे, कारण जुनी बॅच नेमकी आतल्या बाजूला असते.

(दृश्य: अधिकारी लेबल वाचतायत.)

तारीख कशी छापली आहे, यावरही बरंच अडतं. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. काही देशांतल्या मालावर फक्त शेवटची तारीख असते, बनवल्याची तारीख बॅचच्या कोडात दडलेली. एकूण मुदतच कळली नाही तर ६० टक्के काढणार कशाचे?

(दृश्य: बॉण्डेड गोदाम, म्हणजे कस्टम्सच्या ताब्यातलं गोदाम. बायका डब्यांवर स्टिकर लावतायत.)

आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. लेबलवर हे राहून गेलं असेल तर इथे स्टिकर लावून भरून काढता येतं. स्टिकर एकच, सहज न निघणारा, लेबलच्या मुख्य भागाशेजारी. मूळ मजकूर झाकला जाता कामा नये. घाईत तो बॅच नंबरवरच बसतो आणि सगळा लॉट पुन्हा उघडावा लागतो. राहून गेलेली तारीख किंवा बॅच नंबर मात्र स्टिकरने भरता येत नाही.

या तपासणीत जो माल अडतो त्याचा नमुनाही घेत नाहीत. तो परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा.

(दृश्य: नमुने सील होतायत.)

बाकीच्या मालाच्या नमुन्याचे दोन भाग होतात. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. अहवालाला पाच दिवसांची मुदत आहे. सात दिवसही न टिकणाऱ्या पदार्थांना अहवालाआधी तात्पुरती एनओसी, म्हणजे ना-हरकत, मिळू शकते.

(दृश्य: तुर्भे, शीतगृहातली पॅलेटची, म्हणजे माल रचलेल्या फळ्यांची, रांग.)

सुटलेला माल तुर्भ्याच्या शीतगृहात येतो. इथे आधी आलेला आधी बाहेर, असं चालत नाही. ज्याची मुदत आधी संपते, तो दाराजवळ. ऑनलाइन विक्रेत्यांना एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की ग्राहकाच्या हातात पडताना ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. तेव्हा पॅलेटवरच्या कार्डावर दोन तारखा लिहायच्या: मुदत संपण्याची, आणि तिच्या ४५ दिवस आधीची.