उभ्या गाडीचं पाणी

(साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळापुढं गॅरेजमालक वक्त्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

या दोन बाटल्या पुढच्या रांगेपासून मागं फिरू द्या. हलवून बघा, वास घ्या, पण बोट बुडवून जिभेला लावू नका. का ते नंतर सांगतो. एका बाटलीत हिरवंगार पाणी आहे, सरबतासारखं. दुसरी बघून परवा माझी नात म्हणाली, "आजोबा, चहा गाळायचा राहिलाय." तो चहा मी गेल्या महिन्यात एका गाडीच्या रेडिएटरमधून काढला. गाडी सदर बझारात एका बंगल्याच्या पोर्चमध्ये आठ महिने उभी होती. मालक मुलाकडं परदेशी गेले होते. जाताना त्यांनी गाडी धुतली, पॉलिश केली, कव्हर घातलं, चावी शेजाऱ्यांकडं दिली. सगळं केलं, फक्त रेडिएटरमध्ये नळाचं पाणी तसंच ठेवलं. आल्यावर सेल मारला तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, गडी खूश. लिंब खिंडीपर्यंत जाईस्तोवर तापमानाचा काटा लाल रेघेवर.

मंडळानं मला विषय दिलाय 'गाडीची निगा'. चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला हा विषय दिला तर रात्रीचे बारा वाजतील. म्हणून मी फक्त पाण्याबद्दल आणि उभ्या गाडीबद्दल बोलणार आहे. इथं बसलेल्यांच्या गाड्या चालतात कमी, उभ्याच जास्त राहतात. शिवाय आपला जिल्हा फौजींचा. अपशिंगे मिलिटरी घ्या नाहीतर दुसरं कुठलं गाव घ्या, जवान सुट्टीला येतो, महिनाभर गाडी हौसेनं फिरवतो, आणि मग ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पुढच्या सुट्टीची वाट बघत बसते. ह्या फौजींना कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव्य, माहीत असतं. लेहला इंजिनातलं पाणी गोठलं तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडाच, तडकतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण गावी आल्यावर तोच माणूस म्हणतो, "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" वेण्णा लेकला थंडीत दवाचे हिमकण होतात, त्याचे फोटो पेपरात येतात, त्यापलीकडं आपल्याकडं बर्फ नाही हे खरं. पण गोठू न देणं हे कूलंटचं एक काम झालं. उकळू न देणं हे दुसरं. आणि गंजू न देणं हे तिसरं, जे गाडी उभी असतानाही चोवीस तास चालू असतं. आपल्यासाठी हे तिसरंच सगळ्यात मोठं.

इंजिनात जेवढं इंधन जळतं त्यातली साधारण एक तृतीयांश ताकदच चाकापर्यंत जाते. तेवढीच सायलेन्सरमधून धुरावाटे बाहेर पडते आणि उरलेली पाण्यात उतरते. ते पाणी वॉटर पंप, ज्याला आम्ही वॉटर बॉडी म्हणतो, तो फिरवत ठेवतो. इंजिन गार असताना मधला थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडतो, मग पाणी रेडिएटरकडं जातं. वारा कमी पडला तर पंखा लागतो. इतकं सोपं आहे.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे बाटलीचं बूच नव्हे, तो कुकरचा शिट्टीवाला व्हॉल्व्ह आहे. त्यावर दाबाचा आकडा असतो, ०.९ बार, १.१ बार किंवा १५ पीएसआय. हा पीएसआय म्हणजे फौजदार नव्हे, पण काम तेच, आतल्यांना दबावात ठेवायचं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तेच पाणी १५ पीएसआयच्या झाकणाखाली १२०च्या आसपास जातं तरी उकळत नाही, आणि त्यात निम्मं कूलंट असेल तर आणखी वर जातं. रबर कडक झालेलं झाकण हा दबाव धरत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र रेडिएटर बदलून घ्यायला तयार होतं. माझं ऐका, आधी झाकण बदला.

हे झाकण मला चांगलं ओळखतं. मी शिकाऊ पोरगा होतो, वस्तादाबरोबर खंबाटकीत वडापची एक जीप बघायला गेलो होतो. वाफ येत होती. वस्ताद तंबाखू मळत म्हणाले, "थांब जरा." मी थांबलो नाही. फडकं धरून झाकण अर्धं फिरवलं आणि पुढचं मला आवाजासकट आठवतंय. दबाव सुटला की १००च्या वर तापलेलं सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायला बघतं. हा डाव्या कोपराखालचा डाग त्याचा. म्हणून गाडी गरम झाली तर आधी बाजूला घ्या, बंद करा आणि कमीत कमी अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. वरचा होज पाइप हातानं दाबता येईल इतका गार आणि मऊ झाला की मगच. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, बेंड होतो, कधी तडकतो. मग हेड काढा, त्याचा तळ घासून सपाट करा, गॅस्केट टाका, हे सगळं पाच मिनिटांच्या घाईपायी.

काटा लालच्या खाली आहे पण चढतोय, अशा वेळी पसरणीच्या वळणावर थांबायला जागा नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात बायकामुलं शिव्या देतील, देऊ द्या. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. आणि त्याच हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, किंवा चढलेला काटा एकदम खाली पडला, तर हायसं वाटून घेऊ नका. याचा अर्थ बरेचदा पाणीच संपलंय. काट्याचा सेन्सर पाण्यात नाही, कोरड्यात लटकतोय; तो काय सांगणार? तिथंच इंजिन बंद.

थर्मोस्टॅटबद्दल आमच्या धंद्याची एक चूक कबूल करतो. गाडी गरम होते म्हणून आली की आम्ही तो काढून फेकायचो. "काय गरज आहे त्याची आपल्या हवेत?" असं गिऱ्हाइकाला वर सांगायचो. मीसुद्धा सांगितलंय. गाडी गरम व्हायची थांबायची, गिऱ्हाईक खूश. पण मग इंजिन कायम अर्धं गारच चालतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल राहते आणि सिलिंडर आतून लवकर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, म्हणजे गरम होणं वाढतंच. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी एकदा मेकॅनिकला विचारा, आत थर्मोस्टॅट आहे का नुसतंच घर आहे.

आता हा चहा झाला कसा? इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचा, रेडिएटर जुन्या गाडीत पितळ-तांब्याचा, नव्यात ॲल्युमिनियमचा. वेगवेगळे धातू एका पाण्यात बुडवून ठेवले आणि त्या पाण्यात क्षार असले की ती एक बॅटरीच झाली. गाडी चालते तेव्हा पाणी निदान फिरत असतं. उभ्या गाडीत ते एका जागी बसून धातू खातं. गंजाचा गाळ खाली बसतो, आणि तुम्ही आठ महिन्यांनी सेल मारता तेव्हा तो सगळा उठून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो. सदर बझारच्या गाडीचं हेच झालं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या असतात, आम्ही डमी म्हणतो. त्यातली एक मी स्क्रू ड्रायव्हरनं टोकरली तर पापडासारखी आत गेली. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी द्रव्यं असतात ती धातूवर पातळ थर धरतात. ती द्रव्यंही खर्ची पडतात, म्हणून कूलंट दिसायला चांगलं असलं तरी बदलावं लागतं. जुन्या पद्धतीचं हिरवं साधारण दोन वर्षांनी, जास्त टिकणारं पाचेक वर्षांनी. पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पहिलं. रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी-केशरी हे कंपन्यांनी दिलेले रंग आहेत. एकात दुसरं मिसळू नका, कधी कधी त्याचा चिखल होतो.

आणि त्यात घालायचं पाणी कुठलं? ज्या पाण्यानं तुमच्या गीझरची कॉइल पांढरी होते ते नको. माण-खटावात ज्यांची घरं आहेत त्यांना बोअरच्या पाण्याबद्दल मी काय सांगणार? आरओचंही नको, विकतच्या बाटलीतलंही नको. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. निम्मं कूलंट, निम्मं पाणी. घट्ट म्हणजे चांगलं असं समजून नुसतं कूलंट ओतणारेही मी पाहिलेत. त्यानं उष्णता कमी ओढली जाते. काही डबे आधीच पाणी मिसळून येतात, त्यात पुन्हा पाणी घालू नका. डबा वाचायला चष्मा लावा म्हणजे झालं.

बाकी उभ्या गाडीचं भरभर सांगतो. गाडी ठेवण्याआधी ऑइल बदला, वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते बेअरिंगला सोडत नाही. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत हवेतली ओल धरते. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. आपल्याच उसाचं असेल, अभिमान आहे, पण इथेनॉल पाणी ओढतं. त्यामुळं तीन-चार महिन्यांच्या वर तेच पेट्रोल ठेवू नये. टायरमध्ये हवा पाचेक पीएसआय जास्त मारा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात तो चिकटतो; पहिला गिअर टाका आणि चाकांना विटा लावा. बॅटरीचं आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली आणि तशीच राहिली तर परत उठत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधा, उंदीर तिथंही घरटं करतात. आणि काढायची आठवण राहावी म्हणून स्टेअरिंगला चिठ्ठी. प्लॅस्टिकचा कागद गाडीवर घालू नका, आत घाम येतो.

आता एक नाजूक गोष्ट. शेजारी किंवा भाचा रोज सकाळी येऊन गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. प्रेमापोटी करतो. पण पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसून राहतं, आणि सेलला खर्च झालेला करंटसुद्धा बॅटरीला परत मिळत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा त्याला चांगलं वीस-पंचवीस मिनिटं वाढे फाट्यापर्यंत फिरवून आणू दे. काटा मध्यावर येऊन स्थिर झाला पाहिजे. बंद गॅरेजमध्ये मात्र गाडी सुरू ठेवू नका, तो धूर जीव घेतो.

सांगलीहून आलेल्या पाहुण्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: पुरातल्या गाडीचं काय? सांगलीकराला मी काय सांगणार, पावसाळ्यात त्यांच्याकडं माणूस भेटला की विचारतो, "पुलाजवळ पाणी किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. माझं म्हणणं एवढंच, ४० ची वाट न बघता बॅटरी काढा आणि गाडी उंचावर नेऊन लावा. आणि पाण्यात बुडलीच, तर ओसरल्यावर चावी फिरवू नका. त्या पुरानंतर माझ्याकडं टो करून आलेल्या गाड्यांपैकी ज्यांना कुणी हात लावला नव्हता, त्यातल्या बऱ्याच मार्गी लागल्या. ज्यांच्या मालकांनी 'बघू तरी' म्हणून सेल मारला, त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. रेडिएटरच्या जाळीत बसलेला गाळ वाळण्याआधी हलक्या पाण्यानं मागून पुढं धुवा. प्रेशरनं मारलं तर पाती मुडपतात.

मागून एक प्रश्न आला की पाणी इतकं खराब, तर सगळं काढून गाडी कोरडीच का ठेवू नये? प्रश्न चांगला आहे. पण कोरडी होत नाही हो ती. तळाशी ओल राहते, वर हवा येते, आणि ओल अधिक हवा म्हणजे गंजाची मेजवानी. भरलेल्या इंजिनात एवढी हवा नसते. शिवाय वॉटर बॉडीचं सील कोरडं पडून चिकटतं आणि पहिल्याच दिवशी गळतं. भरून ठेवा, चांगल्या कूलंटनं, काठोकाठ. भरताना हीटर चालू ठेवा म्हणजे आत अडकलेली हवा निघते.

आणि जुनं काढलेलं कूलंट गटारीत सोडू नका. ते गोड लागतं, म्हणून तुम्हाला जिभेला लावू नका म्हणालो. एथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. आमच्या गॅरेजवर मोत्या म्हणून कुत्रा होता, गाडीखाली सावलीला झोपायचा. एकदा होज सुटून फरशीवर सांडलं, आम्ही नंतर पुसू म्हणून चहाला गेलो. परत आलो तर फरशी चाटून स्वच्छ. संध्याकाळी तो झिंगल्यासारखा चालत होता, पोरं हसली, मीही हसलो. तिसऱ्या दिवशी गेला. आता रेडिएटरखाली आधी ट्रे सरकवल्याशिवाय आमच्याकडं कुणी पाना लावत नाही. तुमच्याकडं निघालेलं कूलंट बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, चिठ्ठी चिकटवा आणि गॅरेजला आणून द्या. त्या दोन बाटल्या कुठवर गेल्या? मोजून परत घेतो.