घरी गेलेल्यांची मोजदाद

खारघर स्टेशनला उतरून नुसतं "टाटाला", म्हणजे टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला, म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. इथे केमो होते, संशोधन होतं हे बऱ्याच जणांना माहितेय, पण इथेच कॅन्सर एपिडेमिऑलॉजीचं, म्हणजे कॅन्सर कुणाला, कुठे, किती होतो याच्या अभ्यासाचं, सेंटर पण आहे आणि तिथलं काम म्हणजे मोजणं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. डॉ. राजेश दीक्षित याच सेंटरचे.

भारतात वर्षाला कॅन्सरने किती माणसं जातात? हॉस्पिटलचे कागद मोजले की कळेल असं वाटतं ना, पण नाही कळत, कारण आपल्याकडे कितीतरी लोक शेवटी गावी नेले जातात, घरीच दगावतात, आणि कारण म्हणून "खूप दिवस आजारी होते" एवढंच उरतं.

मग घरी जाऊन विचारायचं. दीक्षित, प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये जो अभ्यास छापला तो असाच उभा राहिला. २००१ ते २००३ मधले १,२२,४२९ मृत्यू, देशभरातले ६,६७१ छोटे भाग. हे भाग सोयीचे म्हणून घेतलेले नाहीत हं, रँडम निवडलेत, म्हणून तर एवढ्याशा भागांवरून सगळ्या देशाबद्दल बोलता येतं, सगळी ताकद तिथेच आहे. सर्वे करणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं. गाठ होती का, तोंडातली जखम भरत नव्हती का, वजन उतरलं होतं का, असं विचारायचं आणि घरच्यांनी सांगितलेलं त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायचं. ते मग दोन डॉक्टर वेगवेगळे वाचणार, एकमेकांचं मत न बघता. जुळलं नाही तर परत तपासायचं, तरी नाही जमलं तर तिसरा सीनियर डॉक्टर ठरवणार. ज्या माणसाचा एकही रिपोर्ट नाही त्याच्यासाठी एवढी काळजी घेतली, मला हे फार मोठं वाटतं.

हिशोब निघाला: २०१० मध्ये कॅन्सरचे अंदाजे ५,५६,४०० मृत्यू, त्यातले ७१ टक्के ३० ते ६९ वयातले, म्हणजे घर चालवणारी माणसं. तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू फुप्फुसाच्या दुप्पट. तंबाखू आपल्याकडे चघळतात, ते इथे सरळ दिसतं.

आणि कॅन्सर शहराचा रोग असं आपण धरून चालतो, पण मृत्यूचा दर गावात आणि शहरात जवळपास सारखाच निघाला. म्हणजे तोंड तपासायचा कॅम्प ठाण्यात जितका लागतो तितकाच मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर पण लागतो.