आधी केस विंचरा, मग फोन उचला

नमस्कार श्रोतेहो. उद्याचं विज्ञान आपलं जगणं कसं बदलेल, हा आजचा विषय. अशी भाकितं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा: यंत्राचा अंदाज पुष्कळदा जमतो, ते हाती आल्यावर माणूस कसा वागेल तो अंदाज फसतो.

आता नानांचा किस्सा. नागपूरच्या महाल भागात आमच्या वाड्यात नाना राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ऐंशीच्या दशकात फोनचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. तोवर लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापायचा, पुढे 'पीपी' लिहून. नानांकडे फोन लागला तेव्हा अख्खा वाडा त्यांच्या खोलीत. मे महिना, कूलरला वाळ्याच्या ताट्या. (एसी कितीही भारी घ्या, त्या वासाची सर नाही. असो.) 1964 साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात तोंड दिसणारा फोन मांडला होता, हे नानांनी कुठंतरी वाचलेलं. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "पाहा बाप्पा, उद्या फोनमधी तोंड दिसन. मंग घंटी वाजली का पहिले केस विंचरा, पदर सारखा करा, मंगच उचला." कोणीतरी विचारलं, "अन् आंघोळीत असलो त?" नाना गंभीर. "मंग उचलाचाच नाही!" काकूंनी त्याच संध्याकाळी फोनशेजारी खिळा ठोकून आरसा टांगला.

तोंड दिसणारा फोन आला. नानांची नातसून पुण्याच्या बहिणीशी बोलते तेव्हा फोन कणकेच्या डब्याला टेकवलेला, पोळ्या चालू, आणि बहिणीला अर्धा वेळ छताचा पंखा दिसतो. केस कोण विंचरतंय!

म्हणजे पुन्हा तेच: यंत्र जमलं, माणूस चुकला. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी 1930 साली लिहिलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. यंत्रं आली, पंधरा तासांत सुटणारा कोणी तुमच्या घरात आहे का?

आपल्या कापसाचंही तसंच. 2002 मध्ये बीटीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली; बोंडअळी गेलीच, असं सगळे म्हणाले. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या, नॉन-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेनं पेरायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळतील, पुढच्या अळ्या बीटीनं मरतील आणि बीटीचा असर टिकेल. पण अळीसाठी कोण आपलं रान सोडेल? कित्येकांच्या पुड्या बांधावरच राहिल्या. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात हाहाकार केला. एकट्या पुडीमुळे नव्हे, पण तिचाही वाटा होताच.

आता माझं भाकीत ऐका. बिनड्रायव्हरची गाडी नागपुरात बर्डीच्या बाजारात येईल. माणूस आडवा आला की ती थांबणार, हे लोकांना दोन दिवसांत कळेल. मग काय, हात दाखवून, मागं न बघता, सगळे तिच्यासमोरून रस्ता ओलांडतील, आणि गाडी तिथंच उभी राहील.